दवाखान्यात बीपी १६२, घरी १२८: खरं कोणतं धरायचं?

कृष्णाकाठ

आई ५९ वर्षांची, सांगलीला असते. दवाखान्यात दोन वेळा बीपी मोजलं, १६२/९६ आणि १५८/९४ आलं. घरच्या डिजिटल मशीनवर सकाळी १२८/८०, दुपारी १४६/८८, एकदा ११८/७६, एकदा १५४/९०, असं काहीही येतं. शुगर नाही. ईसीजी आणि किडनीचे रिपोर्ट व्यवस्थित आहेत. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर घरी मोजून वही घेऊन या, मग गोळीचं ठरवू.

घरात दोन पक्ष पडलेत. मामाचं म्हणणं, हे टेन्शनचं बीपी आहे, मनातली भीती गेली की आपोआप उतरेल, आणि गोळी एकदा लागली की जन्मात सुटत नाही. मावशी म्हणते, १६२ म्हणजे चेष्टा नाही, उद्यापासून गोळी सुरू करा. आई स्वतः धास्तावून दिवसातून सात-आठदा पट्टा बांधून बसते, आणि आकडा जास्त आला की लगेच पुन्हा मोजते.

विचारायचं आहे ते असं: नुसत्या मनाच्या ताणाने आकडा एवढा चढू शकतो का? चढत असेल तर तो 'खोटा' म्हणून सोडून द्यायचा का? वही नेमकी कशी भरायची? आणि प्राणायाम, शवासन यांनी खरंच उतरतं का? अनुभव नकोत, नीट माहिती हवी आहे.

ओपीडीतला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, आरामात चढतो. १९८३ साली इटलीत मिलानच्या जुसेप्पे मान्चिया यांच्या गटाने हे धमनीत सुई ठेवून, म्हणजे बीपी सलग नोंदवत मोजलं होतं. डॉक्टर खोलीत येऊन पट्टा बांधू लागले की वरचं बीपी सरासरी २७ आणि खालचं १५ मिलिमीटरने (पाऱ्याच्या, बीपी त्यातच मोजतात) चढत होतं. चढ सगळ्यात जास्त पहिल्या चार मिनिटांत. दहा मिनिटं गेली की बराचसा ओसरलेला. आपल्याकडच्या ओपीडीत पेशंट आत येतो, बसतो, आणि पट्टा बांधला जातो तो बरोबर त्या पहिल्या चार मिनिटांत. बाहेर चाळीस जण थांबलेले असतात, दुसरं काय होणार!

हा आकडा खोटा नसतो. त्या क्षणी धमनीत तेवढा दाब खरोखरच असतो. मेंदूला धोका वाटला की सिम्पथेटिक नसा (शरीराला आणीबाणीसाठी तयार करणाऱ्या) काही सेकंदांत नॉरअॅड्रेनॅलिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात आणि भरभर चालतं. अॅड्रिनल ग्रंथीतून अॅड्रेनॅलिन येतं. पाठोपाठ, काही मिनिटांनी, कॉर्टिसॉल वाढतं. मूत्रपिंडांनाही त्याच नसांतून निरोप जातो आणि ती रेनिन सोडून मीठ-पाणी धरून ठेवायला लागतात. म्हणजे 'मनाचं' आणि 'शरीराचं' असं दोन खात्यांत वाटता येत नाही. वाटायचं ते वेळेनुसार: चढ दहा मिनिटांचा आहे की दिवसरात्रीचा?

ते ओळखण्यासाठीच वही आहे. दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आणि घरची सरासरी १३५/८५च्या खाली, तर व्हाइट कोट हायपरटेन्शन. घरचीही सरासरी १३५/८५ किंवा वर, तर सरळ उच्च रक्तदाब, मग त्यात ताणाचा वाटा कितीही असो. अमेरिकन मार्गदर्शिका ही रेघ १३०/८०वर ओढतात. तुमचे डॉक्टर कोणती रेघ मानतात ते विचारून घ्या.

याच्या उलटाही एक प्रकार असतो. दवाखान्यात नॉर्मल आणि घरी किंवा कामावर जास्त. त्याला मास्क्ड म्हणतात. तो जास्त त्रासदायक, कारण कोणी शोधतच नाही.

आईंचे सध्याचे चार आकडे मात्र काही सांगत नाहीत. वेळ वेगळी, तयारी वेगळी, आणि घाबरून पुन्हा मोजलेले. ते बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करा.

मिलिमीटर

वही कशी भरायची ते लिहितो. लांबेल, पण चुका इथेच होतात.

दिवसातून दोनच वेळा मोजायचं. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर. चहा, नाश्ता आणि (असेल तर) बीपीची गोळी घेण्याआधी. संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी. प्रत्येक वेळी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे चारही आकडे सरासरीत धरायचे नाहीत, कारण नवखेपणाची धास्ती त्यात असते. उरतात सहा दिवसांचे २४ आकडे. वरच्यांची बेरीज करून २४ने भागा, खालच्यांची वेगळी. तीच आईंची घरची सरासरी. मधला एखादा १५२ आला तर आला, तो लिहायचा आणि पुढे जायचं. आवडता आकडा येईपर्यंत मोजत राहणं हा सगळ्यात मोठा घोळ आहे, मशीनवर १३४ आलं असताना वहीत १३० लिहिणं हा दुसरा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, जिना चढउतार नाही. लघवी तुंबलेली असली तरी वरचं बीपी दहाएक मिलिमीटरने वर जाऊ शकतं. मग खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे फोन नाही, टीव्हीवरच्या बातम्या नाहीत, 'किती आलं गं?' नाही. मोजताना बोललं तरी आकडा दहाच्या आसपास चढतो. मोजणाऱ्यानेही तोंड बंद ठेवावं.

हात टेबलावर टेकलेला, तळवा वर, आणि पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध, हृदयाच्या पातळीला. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली घडी घातलेली चादर ठेवा. ही नाजूक बाब वाटते, पण हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला की रक्ताच्या वजनानेच सात-आठ मिलिमीटर जास्त दिसतात. २०२४मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचं बीपी सुमारे ४ आणि बाजूला लोंबता ठेवल्यावर साडेसहा मिलिमीटर जास्त आलं होतं.

पट्टा उघड्या दंडावर. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली तर ती दंड आवळते आणि रीडिंग बिघडतं, त्यापेक्षा सैल बाहीचा गाऊन बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, आत दोन बोटं जातील एवढाच घट्ट. नळी दंडाच्या आतल्या बाजूने, धमनीवरून खाली.

आणि पट्ट्याचं माप! शिंप्याच्या टेपने खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर घ्या. पट्ट्यावर २२–३२ सेंटीमीटर असं छापलेलं असतं. घेर त्याबाहेर गेला की तो पट्टा त्या माणसासाठी निरुपयोगी. पट्टा लहान पडला तर आकडा ५ ते २० मिलिमीटरनेसुद्धा फुगतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम. दोन हातांत वरच्या बीपीचा फरक वारंवार १५हून जास्त येत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, एका बाजूची धमनी अरुंद असू शकते.

मनगटाचं किंवा बोटाचं मशीन नको. तपासून मान्य झालेल्या मॉडेलांची यादी स्ट्राइड बीपीच्या साइटवर मिळते.

कृष्णाकाठ

खूप आभार. आत्ताच फोन करून विचारलं. दंडाचा घेर ३४ सेंटीमीटर, आणि पट्ट्यावर २२–३२ छापलंय. मोजते ती दिवाणावर बसून, हात मांडीवर ठेवून. शिवाय सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावते आणि मग मोजते. हे सगळं धरलं तर घरचे आकडेही जास्तच दाखवत असणार ना? म्हणजे गोळीची गरजच नाही?

मिलिमीटर

जास्त दाखवत असणार, हो. पण 'म्हणून गरज नाही' हे आत्ता म्हणता येत नाही, कारण दवाखान्यात कोणत्या मापाचा पट्टा वापरला गेला तेही माहीत नाही. ३२–४२चा मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, फक्त तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलला चालणारा घ्या. मग मशीन दवाखान्यात नेऊन एकाच हातावर आलटून पालटून दोन्ही मशीनवर मोजून बघा. पाचच्या आत फरक असेल तर उत्तम, दहाच्या वर असेल तर मशीन बदला. सेल उतरलेले असले तरी रीडिंग चुकतं किंवा एरर येते, नव्या आठवड्याला नवे सेल घाला.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटिन काही मिनिटांत रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी चढतं. या आठवड्यात रोज आधी बीपी मोजायचं आणि मगच मिश्री लावायची असं सांगा, मिश्रीला तासभर उशीर झाला तरी चालेल. कायमची सुटली तर आईंच्या हृदयाला त्याचा फायदा कोणत्याही श्वासाच्या व्यायामाहून जास्त आहे.

मोजायचं मशीन दोन वेळांखेरीज कपाटात. सात-आठदा मोजणं ही सवय नुसती निरर्थक नाही, ती आकडा वाढवते: आकडा बघून धास्ती, धास्तीने पुढचा आकडा आणखी वर. मोजणं दुसऱ्याने करावं, पडदा आईंकडे नसावा, वही दुसऱ्याने भरावी. मशीनमध्ये मेमरी असेल तर लिहायची घाईसुद्धा नाही.

अधांतरी

एवढा खटाटोप कशाला? व्हाइट कोट निघालं तर निरुपद्रवी असतं, असंच सगळीकडे वाचलंय. मग वर्षातून एकदा दवाखान्यात गेलं की झालं.

ओपीडीतला

@अधांतरी, आधी तसंच मानत असत. आता तसं कोणी ठामपणे म्हणत नाही. २०१९मध्ये २७ अभ्यास एकत्र करून, साठ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. त्यात औषध न घेणाऱ्या व्हाइट कोट गटाला हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका नॉर्मल बीपीवाल्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त निघाला. जे आधीच गोळ्या घेत आहेत, घरी बीपी आटोक्यात आहे आणि फक्त दवाखान्यात चढतं, त्यांच्यात मात्र असा जास्तीचा धोका दिसला नाही. इटलीतल्या मोंझा गावच्या पामेला अभ्यासात व्हाइट कोटवाल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून थोडे जास्त लोक दहा वर्षांत कायमच्या उच्च रक्तदाबाकडे गेले.

याचा अर्थ आज लगेच गोळी असा नाही. अर्थ एवढाच की हा माणूस काठावर आहे. घरचं मोजमाप दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा करायचं, लिपिड (रक्तातली चरबी) आणि शुगर बघायची, वजन, मीठ आणि तंबाखूवर काम करायचं.

ताणाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. क्षणभराचा चढ वाहिन्या एकदम खराब करत नाही. घरातलं आजारपण, कर्ज, रात्रपाळी असा ताण महिनोन्महिने राहिला की तो आडवाटेने नुकसान करतो: झोप तुटते, चालणं बंद पडतं, तंबाखू-दारू वाढते, खारट-तेलकट खाणं वाढतं, गोळ्या चुकतात. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं. अपुरी झोप किंवा घोरण्यात श्वास अडकणं असेल तर ते उतरतच नाही, आणि रात्रीचं न उतरलेलं बीपी दिवसाच्या बीपीपेक्षा जास्त वाईट. आई जोरात घोरत असतील, दिवसा पेंगत असतील, तर तेही सांगा. २००४च्या इंटरहार्ट अभ्यासात भारतासह ५२ देशांतले हार्ट अॅटॅकचे पेशंट तपासले होते, त्यात मानसिक-सामाजिक ताण हा स्वतंत्र धोका म्हणून निघाला. तेव्हा मामाचं निम्मं बरोबर आहे, ताण आहेच. पण 'ताण आहे म्हणून गोळी नको' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सरासरी १५०/९५ असेल तर धमनीला कारणाशी देणंघेणं नसतं.

शवासन_पंधरा

प्राणायाम-शवासनाबद्दल विचारलंय म्हणून. या विषयातलं एक जुनं काम मुंबईचंच आहे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात ४७ बीपीच्या पेशंटवर शवासनाचा अभ्यास छापला. पद्धत नेमकी सांगितली होती: उताणं झोपून पाय साधारण ३० अंशांनी फाकलेले, हात अंगापासून १५ अंशांवर, बोटं किंचित वळलेली, पापण्या अलगद मिटलेल्या. पोटाने संथ श्वास, आत घेतल्यावर छोटा थांबा, सोडल्यावर त्याहून मोठा थांबा. ३० मिनिटं. बऱ्याच पेशंटचं बीपी उतरलं, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. आजच्या निकषांनी तो अभ्यास लहान आहे, त्याच्या भरवशावर गोळी बंद करायची नाही.

सहा वर्षांनी इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक (शरीरातला ताण यंत्रावर बघून तो सैल करायला शिकणं) शिकवलेला गट १६८/१००वरून १४१/८४वर आला. नुसतं येऊन कोचावर पडून राहणारा गटही १६९/१०१वरून १६०/९६वर आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जागेची आणि माणसांची सवय झाली की काही चढ आपोआपच जातो. पुढच्या मोठ्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा दिसत नाही. आज संथ श्वासाकडून काही मिलिमीटरचीच अपेक्षा ठेवावी.

करायचं असेल तर सोपं: मिनिटाला सहा श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, पोट हलतंय याकडे लक्ष. दहा ते पंधरा मिनिटं, रोज, ठरलेल्या वेळी. चक्कर आली तर श्वास खोल घेतला जातोय असं समजा, खोली कमी करा, संथपणा तसाच ठेवा. उताणं झोपून धाप लागत असेल तर खुर्चीत बसून करा. बीपी आटोक्यात येईपर्यंत भस्त्रिका, जोराची कपालभाती आणि लांब कुंभक नको, त्या वेळेपुरतं बीपी वर जातं.

वहीच्या आठवड्यात हे बीपी मोजून झाल्यावर करा. आधी केलंत तर वही शवासनानंतरचं बीपी दाखवेल, दिवसभराचं नाही.

काउंटरमागे

औषधांच्या बाजूने चार गोष्टी, कारण 'टेन्शनचं बीपी' म्हणून पेशंट जे घरच्या घरी घेतात त्यातलंच बरंचसं बीपी वाढवतं.

गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रोज चालू आहे का बघा. ही मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीचा जोरही कमी करतात. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. अॅसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पूड रोज घेणं म्हणजे रोज जास्तीचं सोडियम. आणि काढ्यातलं ज्येष्ठमध: त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं, ज्याचं काम कॉर्टिसॉल निकामी करणं हे असतं. ते अडलं की कॉर्टिसॉलच मीठ धरून ठेवायला लागतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. घसा बसला म्हणून एखादा दिवस ठीक, महिनोन्महिने नको.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, पावातलं मीठही आलं. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही सोडियमच.

झोप येत नाही म्हणून शेजारणीची अल्प्राझोलामची गोळी देऊ नका. ती बीपीचं औषध नाही, सवय लागते, आणि या वयात पडझडीचं कारण होते.

'गोळी सुटत नाही' याबद्दल. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. वजन आणि मीठ कमी होऊन सरासरी उतरली तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंदही करतात. स्वतःहून बंद केली तर बीपी काही दिवसांत जुन्या जागी परत येतं, आणि लोक त्यालाच 'लागली' म्हणतात. क्लोनिडिन आणि मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर मात्र एकदम सोडले तर उसळी मारतात, ते कधीही मनाने थांबवू नयेत.

एक जुनी घातक सवय अजून दिसते: आकडा जास्त आला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली. बीपी धाडकन पडतं, मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं, अर्धांगवायू आणि हार्ट अॅटॅक झालेले आहेत. १९९६पासून वैद्यकीय नियतकालिकांत हे थांबवा म्हणून सांगितलं जातंय.

१८०/१२०च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा एकदाच मोजा. तेवढंच राहिलं पण काही त्रास नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला धूसर, असं काही असेल तर पुन्हा मोजत न बसता थेट हॉस्पिटल.

कृष्णाकाठ

मोठा पट्टा मागवला. मोजण्याचं काम बाबांकडे दिलंय, त्यांना आकडे लिहायला आवडतं. एकच राहिलं: डॉक्टर म्हणाले होते, वहीवरून कळलं नाही तर २४ तासांचं मशीन लावू. ते केव्हा लागतं आणि त्यात काय सांभाळायचं?

ओपीडीतला

सरासरी १३५/८५च्या अगदी आसपास अडकली, घर आणि दवाखाना यांत फार तफावत राहिली, किंवा रात्रीचं बीपी बघायचं असेल तेव्हा. दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो. २४ तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५ आणि झोपेतली १२०/७० या रेघा.

नेहमीसारखाच दिवस काढायचा, घरकाम करायचं, फक्त अंघोळ आधी उरकून घ्यायची. पट्टा शक्यतो डाव्या हाताला, म्हणजे पोळ्या लाटताना अडचण नाही (आई डावऱ्या असतील तर उलट). मशीन घरघरलं की हातातलं काम थांबवून हात सैल सोडायचा. हात हलला तर ते रीडिंग वाया जातं आणि मशीन थोड्या वेळाने पुन्हा फुगतं. झोपल्याची आणि उठल्याची वेळ, दुपारच्या डुलकीसकट, कागदावर लिहायची, नाहीतर मशीन रात्र कुठून धरणार? दिवसाची किमान २० आणि रात्रीची ७ रीडिंग नीट आली तरच रिपोर्ट ग्राह्य धरतात. नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर ही मशीन गडबडतात, तेव्हा लावण्याआधी ते सांगा. रात्री पट्ट्याने झोपच लागली नाही तर तसं लिहून द्या, रात्रीचे आकडे तेवढ्यापुरते बाजूला ठेवता येतात.